कारखान्यासाठी टॉर्च घेताना: आधी कामाची जागा बघा, मग किंमत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि रेडिएटर बनवण्याचा कारखाना आहे. दोन पाळ्यांत मिळून पस्तीसेक कामगार आहेत आणि त्यातले सहा-सात जण अधूनमधून नंदेसरीला केमिकल प्लँटच्या शटडाऊनच्या (दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात तेव्हाच्या) कामाला जातात. टॉर्चसाठी माणशी पाचशे रुपयांच्या आत मंजुरी आहे. सध्याचे अडीचशेवाले टॉर्च तीन-चार महिन्यांत बाद होतात. मग कोणता घ्यावा?

बडोद्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. टॉर्च मागवणं, वाटणं, उघडून दुरुस्त करणं, सगळं हातून झालेलं आहे. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो. पस्तीस जणांसाठी एकाच मॉडेलची ऑर्डर काढू नका. तुमच्याकडे किमान तीन प्रकारची कामं आहेत आणि त्यातल्या एका प्रकारात पाचशेची मर्यादा लागूच करता येणार नाही. तिथूनच सुरुवात करू, कारण तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

नंदेसरीच्या प्लँटमध्ये ज्वलनशील वायू किंवा वाफ असण्याची शक्यता असलेल्या जागा झोनमध्ये वाटलेल्या असतात. जिथे वाफ कायम किंवा बराच वेळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १, आणि सहसा येत नाही, आलीच तर थोडा वेळ, तो झोन २. ज्वलनशील धुळीसाठी असेच २०, २१ आणि २२ आहेत. साधा टॉर्च यातल्या कुठल्याही जागेत नेता येत नाही. बटण दाबताना आतल्या संपर्कात बारीक ठिणगी पडते. टॉर्च पडून फुटला तर सेल शॉर्ट होतो. पेट्रोलजन्य वाफा पेटायला साधारण पाव मिलिजूल ऊर्जा पुरते, हायड्रोजनला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. बटणातली ठिणगी डोळ्याला दिसली नाही तरी तेवढी असू शकते. मोबाइलच्या टॉर्चलाही हेच लागू आहे, आणि ‘एक मिनिट बघून घेतो’ म्हणत खिशातून मोबाइल काढणारे अजून भेटतात.

आता नीट वाचा. हा धोका फक्त नंदेसरीला नाही, तुमच्या स्वतःच्या शेडमध्येही आहे. ट्रान्सफॉर्मरची टाकी आतून रंगवतात. रंगात थिनर असतो, थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन असली द्रावणं असतात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे बडोद्याच्या हिवाळ्यातल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती टाकीच्या तळाशी बसते. आणि रंगाऱ्याच्या हातून टॉर्च सुटला तर तो तळाशीच पडतो. त्यात टॉर्चची बॉडी अॅल्युमिनियमची असेल आणि खाली गंजलेला पत्रा असेल, तर नुसत्या आपटण्यानेही पेटवण्याइतकी ठिणगी पडू शकते. पेंट बूथ, थिनरची खोली, अॅसिटिलीनच्या सिलिंडरची जागा, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात तो कोपरा (तिथे हायड्रोजन सुटतो) या सगळ्या जागा आधी कागदावर मांडा. तुमच्या सेफ्टी ऑफिसरला बरोबर घेऊन एकदा शेडमधून फिरा. टॉर्चचा विचार त्यानंतर.

कायदाही हेच सांगत आला आहे. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमधल्या ३६-अ कलमात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा न्यायचा नाही. आणि ज्वलनशील वायू, वाफ किंवा धूळ असण्याची शक्यता असेल तर फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही अशा) बनावटीशिवाय दुसरा दिवा चालणार नाही. टॉर्च चार व्होल्टचा आहे म्हणून पहिल्या अटीतून सुटतो, दुसरीतून सुटत नाही.

या कामासाठी टॉर्चवर ‘एक्स’ची (Ex) खूण हवी आणि तिच्यापुढची अक्षरं वाचता यायला हवीत. ‘आयए’ (ia) म्हणजे आतला सर्किटच इतका मर्यादित आहे की बिघाड झाला तरी पेटवण्याइतकी ठिणगी होणार नाही. मग गॅसचा गट येतो. ‘टू-ए’ (IIA) प्रोपेनसारख्यांसाठी, ‘टू-बी’ (IIB) इथिलीनसारख्यांसाठी, ‘टू-सी’ (IIC) हायड्रोजन आणि अॅसिटिलीनसाठी. त्यापुढचा ‘टी४’ म्हणजे टॉर्चचा पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. शेवटी ‘जीए’ असेल तर झोन ० पर्यंत, ‘जीबी’ असेल तर झोन १ पर्यंत नेता येतो. आपल्याकडे अशा साधनांना पेसोची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. दुकानदाराकडे मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि प्रमाणपत्रावरचा मॉडेल नंबर टॉर्चवरच्या नंबराशी ताडून बघा. नुसतं ‘एक्स्प्लोजन प्रूफ’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल आणि ही ओळ टॉर्चच्या अंगावर कोरलेली नसेल, तर तो साधाच टॉर्च समजा.

किंमत? चार-पाच हजारांपासून पुढे. स्ट्रीमलाइट, पेलिकन, वुल्फ अशा कंपन्यांचे या प्रकारातले टॉर्च वर्षानुवर्षं प्लँटमध्ये चालताना मी बघितले आहेत. मालकांना आकडा ऐकून धक्का बसेल, म्हणून त्यांना असं सांगा: हे पस्तीस घ्यायचे नाहीत. पाच किंवा सहा घ्यायचे. ते कोणाच्या नावावर द्यायचे नाहीत, परमिटबरोबर, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवान्याबरोबर, द्यायचे. टाकीत उतरण्याचा परमिट निघाला की टॉर्च सही करून घ्यायचा, परमिट बंद झाला की परत. दोन नियम मात्र कडक ठेवा. धोक्याच्या जागेत तो उघडायचा नाही, सेल बदलायचे नाहीत, चार्ज करायचा नाही. आणि सेल तोच घालायचा जो प्रमाणपत्रात आणि पुस्तिकेत नाव घेऊन सांगितला आहे. एक्स खुणेच्या टॉर्चमध्ये बाजारातला कुठलाही सेल घातला की ती मान्यता उरत नाही. काच तडकली, सील फाटलं तर घरच्या घरी दुरुस्ती करू नका, कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकडे पाठवा.

आता उरलेले तीसेक जण. इथे पैसे वाचवायला भरपूर जागा आहे.

स्टोअरमध्ये बाद टॉर्चचा एखादा खोका असेलच. तो टेबलावर उपडा करा आणि एकेक टॉर्च उघडून बघा. माझा अनुभव असा की एलईडी जळालेला टॉर्च क्वचितच सापडतो. मागची टोपी काढली की स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खरखरीत थर दिसतो, तो गळलेल्या सेलचा. त्या थराखाली स्प्रिंग झिजून अर्धी झालेली असते. दुसऱ्या टॉर्चमध्ये बटणाचं रबर तेलाने फुगून चिकट झालेलं, आत पत्र्याची बारीक पट्टी वाकलेली. तिसऱ्यात तीन छोटे सेल बसवण्याचा प्लॅस्टिकचा पाळणा तडकलेला, म्हणून हलवलं की लागतो, ठेवला की विझतो. चौथ्यात केसाएवढी बारीक तार एलईडीच्या पाटीपासून सुटलेली, कारण सोल्डर नावापुरता लावला होता. रिचार्जेबल असेल तर चार्जिंगचं भोक ग्राइंडिंगच्या काळ्या धुळीने भरलेलं. तुमच्या खोक्यात यातलं काय जास्त निघतं ते मोजा. पुढच्या खरेदीत नेमकं तेच बघून घ्यायचं आहे. एलईडी ५०,००० तास चालतो ही जाहिरात खरी असेलही, पण तुमच्या टॉर्चचं आयुष्य ठरतं ते बटण, स्प्रिंग आणि सेल यांवर.

सेलपासून सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो आणि हिशेबात दिसत नाही. अडीचशेचा टॉर्च वर्षात तीन वेळा घेतलात तर माणशी साडेसातशे. त्यात तीन ट्रिपल-ए सेल लागतात. साधे सेल चौदा रुपयांना एक धरले आणि आठवड्याला एक संच लागला, तर वर्षाला दोन हजारांच्या वर सेलचेच होतात. म्हणजे टॉर्चच्या जवळपास तिप्पट. ही रक्कम स्टोअरच्या किरकोळ खर्चात जाते, टॉर्चच्या मंजुरीत येत नाही. पाचशेची मर्यादा ज्यांनी घातली, त्यांना हा दुसरा आकडा कोणी दाखवलेला नसतो. तुम्ही दाखवा.

याला उत्तर म्हणजे १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हा आकडा. चांगल्या २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये साधारण ९ वॉट-तास ऊर्जा असते, तीन ट्रिपल-ए सेलच्या दुपटीहून जास्त, आणि तो काही शे वेळा चार्ज होतो. सातशे ते हजार रुपयांत या सेलवर चालणारा, सेल बाहेर काढता येणारा बरा टॉर्च मिळतो. ‘बाहेर काढता येणारा’ या शब्दांवर मी अडून बसेन. सेल आत कायमचा चिकटवलेला टॉर्च दोन वर्षांनी सेल संपला की फेकावा लागतो. सेल निघत असेल तर अडीचशे-तीनशे रुपयांत टॉर्च पुन्हा नव्यासारखा होतो. शिवाय पाळीच्या मध्यात प्रकाश गेला तर स्टोअरमधून भरलेला सेल घेऊन माणूस लगेच कामाला लागतो.

या सेलमध्ये बनावट माल प्रचंड आहे. १८६५० या आकारात आज मिळणारी खरी क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. वेष्टनावर ६०००, ९९०० असे आकडे असतील तर सेल हातातसुद्धा घेऊ नका. त्यातले बरेच जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून नवं वेष्टन चढवलेले असतात. वजन करून बघा, खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीस-पस्तीस भरला तर आत काहीतरी खोटं आहे. संरक्षक सर्किट असलेला सेल घ्या. तो दोन-चार मिलिमीटर लांब असतो, म्हणून टॉर्चमध्ये बसतो का ते दुकानातच बघा. वेष्टन फाटलेला सेल वापरात ठेवू नका, फाटलेल्या जागेतून तो बॉडीला शॉर्ट होतो.

काही कामांना डबल-ए सेलवरचा साधा टॉर्चच बरा. वॉचमन, स्टोअरकीपर, ज्यांना दिवसातून दहा मिनिटं प्रकाश लागतो त्यांना लिथियमची कटकट नको. त्यांना डबल-एचा टॉर्च द्या आणि रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, प्रकाश किंचित कमी पडतो, पण ते साध्या झिंक सेलसारखे गळून स्प्रिंग खात नाहीत. एव्हरेडीचे धातूचे जुने टॉर्च अजून कित्येक घरांत चालतात, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही आणि लोक सेल वेळेवर काढून ठेवत. एक सावधगिरी: १४५०० नावाचा लिथियम सेल डबल-एच्याच मापाचा असतो पण ३.७ व्होल्टचा. तो चुकून साध्या टॉर्चमध्ये गेला तर सर्किट जळतं. दोन्ही प्रकार एका कपाटात ठेवू नका.

लेड-अॅसिड बॅटरीचे मोठे रिचार्जेबल टॉर्च, ज्यांची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये जाते, ते घेऊ नका. डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिले की त्यांच्या प्लेटवर सल्फेट जमतं आणि बॅटरी चार्ज धरत नाही. कारखान्यात ते पडून राहतातच.

ल्युमेनबद्दल, म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण प्रकाशाच्या मापाबद्दल, आता. खोक्यावरच्या ल्युमेनवर विश्वास ठेवायचा की नाही याचा सोपा हिशेब आहे. आजच्या एलईडीला एका वॉटमध्ये ढोबळ मानाने १०० ल्युमेन मिळतात. सेलमध्ये ९ वॉट-तास आहेत. म्हणजे १५० ल्युमेनवर टॉर्च पाच-सहा तास चालेल, १००० ल्युमेनवर तासभरसुद्धा नाही. एका १८६५० सेलवर ‘५०,००० ल्युमेन, १० तास’ लिहिणारा माणूस तुम्हाला जे विकतोय ते त्या सेलमध्ये नाहीच. शिवाय १००० ल्युमेन म्हणजे एवढ्याशा नळीत दहा वॉट, आणि त्यातली बरीचशी उष्णताच. चांगला टॉर्च काही मिनिटांत स्वतःहून प्रकाश कमी करतो, वाईट टॉर्च हात भाजेपर्यंत तापतो आणि मग सोल्डर सोडतो.

ज्यावर एएनएसआय एफएल १ या टॉर्चसाठीच्या अमेरिकन मानकाच्या खुणा छापलेल्या असतात, त्याच्या आकड्यांची निदान व्याख्या तरी एक असते. अंतराचा आकडा म्हणजे जिथे प्रकाश ०.२५ लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर. ‘२०० मीटर’ वाचून दोनशे मीटरवरची नेमप्लेट वाचता येईल असं समजू नका. चालण्याचा वेळ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. त्यामुळे ‘८ तास’ लिहिलेल्या टॉर्चने शेवटचे पाच तास मिणमिणत काढलेले असू शकतात. आघाताचा आकडा म्हणजे सेल आत ठेवून काँक्रीटवर किती मीटरवरून टाकला. १ मीटर हे किमान आहे, फिटरच्या हातून टॉर्च पडतो ती उंचीही साधारण तेवढीच. परांचीवर चढणाऱ्यांना २ मीटरवाला बघा.

तुमच्या कामाला फार प्रकाश लागत नाही. हाताच्या अंतरावरच्या कामाला १०० ते १५० ल्युमेन पुष्कळ झाले. घासलेल्या पत्र्यावर त्याहून जास्त मारलात तर चकाकीने उलट काहीच दिसत नाही. वेल्ड तपासणाऱ्याला सांगा, टॉर्च वेल्डच्या समोरून मारू नको, पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धर. कडेला खाचलेली जागा, बारीक छिद्र, न उडवलेली स्पॅटर (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) लगेच सावली टाकते. यासाठी पसरट प्रकाशाचा टॉर्च हवा. पुढे-मागे सरकवून झोत बारीक करणारे झूमचे टॉर्च दिसायला आकर्षक, पण सरकणाऱ्या त्या जोडातून धूळ आणि पाणी आत जातं आणि बारीक झोतात एलईडीचा चौकोन तेवढा दिसतो. कारखान्यात झूम नको.

प्रकाशाच्या रंगाकडे कोणी बघत नाही, आणि आपल्या बडोद्याच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या कामात तो फार महत्त्वाचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या भागात, सिलिका जेल असतं. कोरडं असताना निळं, ओलावा शोषला की गुलाबी. स्वस्त टॉर्चचा प्रकाश इतका निळसर असतो की फिकट गुलाबी झालेलं जेलही त्यात निळं भासतं आणि रात्रपाळीचा ऑपरेटर वहीत ‘ठीक’ लिहून मोकळा होतो. वायरिंगमध्येही तेच, लाल आणि तपकिरी, निळा आणि काळा यांत घोटाळा होतो. म्हणून ४००० ते ५००० केल्विनचा (फार निळसरही नाही, फार पिवळाही नाही असा) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ८० च्या वर असलेला टॉर्च मागा. दुकानदाराला हे शब्द कळले नाहीत तर लाल, तपकिरी, निळ्या आणि काळ्या वायरचे तुकडे खिशात न्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात त्यावर टॉर्च मारून बघा. तेवढी चाचणी पुरते.

अजून एक चाचणी लेथ आणि ड्रिलवाल्यांसाठी. टॉर्च कमी प्रकाशावर ठेवून त्याच्यापुढे पेन जोरात हलवा. पेनाची सलग धूसर पट्टी दिसायला हवी. एकाऐवजी पाच-सहा सुटी पेनं दिसली तर प्रकाश लुकलुकतोय, डोळ्याला कळत नाही इतकंच. असल्या प्रकाशात फिरणारा चक कधी थांबल्यासारखा दिसतो आणि माणूस हात पुढे नेतो. हा टॉर्च मशीन शॉपमध्ये नकोच.

बॉडीचं सांगायचं तर फिटर आणि वेल्डरला अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम, पॅनेलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला प्लॅस्टिकच. जिवंत बसबारच्या (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांच्या) पॅनेलमध्ये धातूची नळी तोंडात धरून वाकलेला माणूस बघितला की माझा जीव अजून वर-खाली होतो. प्लॅस्टिकमध्येही फरक आहे. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट थिनर, अॅसिटोनने पुसले की मऊ पडतात किंवा जाळीसारखे तडकतात. पेंट शॉपच्या लोकांना बजावून सांगा की टॉर्च साबणाच्या पाण्याने पुसायचा. मागे चुंबक असलेला टॉर्च फिटरला सोयीचा, पत्र्याला चिकटवला की दोन्ही हात मोकळे. पण ग्राइंडिंगच्या शेडमध्ये त्या चुंबकावर लोखंडाचा कीस दाढीसारखा उगवतो आणि तोच पुढे बटणात शिरतो. पेसमेकर बसवलेल्या कोणाला तो देऊ नका.

बटण हातमोजे घालून दाबता येतं का ते वेल्डरचे जाड चामडी मोजे घालून दुकानातच बघा. बटण एकच हवं, आणि पहिल्या दाबात काम करण्याजोगा प्रकाश लागायला हवा. लुकलुकणं, एसओएस असले पाच-सहा प्रकार असतील तर दरवेळी बटण पाचदा दाबलं जातं आणि पाचपट लवकर झिजतं.

टाकीच्या आत घासकाम आणि फिटिंग करणाऱ्यांना मात्र हातातला टॉर्च देऊच नका, हेडलॅम्प द्या. हात मोकळे राहतात, टॉर्च पडत नाही, म्हणून टिकतोही. हेल्मेटवर बसवायला रबरी पट्टा किंवा क्लिप वापरा. हेल्मेटला भोक पाडणं किंवा सोल्यूशनने चिकटवणं बंद करा, त्याने कवच कमकुवत होतं आणि आयएस २९२५ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का असून नसल्यासारखा. रंगकाम चालू असलेल्या टाकीत हा हेडलॅम्पही वर सांगितलेल्या एक्स खुणेचाच.

धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपीच्या आकड्यांनी सांगतात. शेडमध्ये आयपी ५४ चालेल, उघड्यावर काम असेल तर आयपी ६७. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ आतच जाणार नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पंप चालू करायला, पॅनेल बंद करायला गुडघाभर पाण्यात टॉर्च हातात घेऊन फिरलेल्या माणसांना हा शेवटचा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

ऑर्डर देण्याआधी पसंत पडलेल्या मॉडेलचे दोन-तीन नग रोख घ्या. एक नग पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत छताकडे तोंड करून उभा ठेवा, शेजारी मोबाइलवर लक्स मोजणारं अॅप चालू करा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण दोन टॉर्चची तुलना करायला चालतो. दुसरा नग छातीच्या उंचीवरून काँक्रीटवर टाका, डोक्यावर, शेपटीवर, आडवा, सगळ्या बाजूंनी. मग तोच बादलीत अर्धा तास बुडवा आणि उघडून टिश्यू पेपर आत फिरवा. आधी पाडायचा, मग बुडवायचा, कारण कारखान्यात क्रम तसाच असतो. टाइप-सी चार्जिंग असेल तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनेही लावून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात आणि मग तो फक्त जुन्या चौकोनी पिनेच्या केबलनेच चार्ज होतो.

दुकानदाराला एकच प्रश्न जोर देऊन विचारा: बटण, काच, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) सुटे मिळतील का? मिळत असतील तर शंभर रुपये जास्त द्या. तीसच्या ऑर्डरबरोबर पाच बटणं, मूठभर ओ-रिंग, दहा जादा सेल आणि सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब घेऊन ठेवा. पावसाळ्याआधी प्रत्येक टॉर्चचे आटे पुसून ओ-रिंगला ग्रीस लावायचं. तुमचा इलेक्ट्रिशियन एका दुपारी सगळे उरकेल.

वाटताना प्रत्येकाच्या नावाने नंबर कोरून द्या. पाळीचा सामायिक टॉर्च हा कोणाचाच नसतो, तो आधी हरवतो किंवा आधी तुटतो. नावाचा टॉर्च लोक घरून पुसून आणतात. नव्याने आलेल्या कंत्राटी मुलांनाही नावानेच द्या, त्यांना जुने उरलेले देऊ नका. अंधार त्यांच्या वाट्याला उलट जास्त येतो. पगारातून कापून घेण्याची भाषा नको. जुना तुटका आणा, नवा घेऊन जा, एवढंच ठेवा. तुटके टॉर्च परत आले की काय मोडतंय ते तुम्हाला कळत राहतं.

चार्जिंगची जागा लाकडी टेबल, रंगाची खोली किंवा ओव्हनच्या शेजारची भिंत नसावी. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तेवढं सहज होतं. म्हणून ऑफिसच्या बाजूला, लोखंडी रॅकवर, पाळी बदलताना कोणीतरी हजर असताना चार्ज करा. फुगलेला, ठेचलेला किंवा चार्जरवर गरम होणारा सेल लगेच बाजूला काढून कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात ठेवा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. भंगाराच्या पत्र्यात तो जाऊ देऊ नका, दाबयंत्रात चेपला की पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे सेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवेत. तुमच्याकडे फोर्कलिफ्टच्या आणि यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या ज्याच्याकडे जातात, त्याच्याकडे लिथियमची नोंदणी आहे का ते आधी विचारून घ्या.